ब्रोन्काबाईंची सोपी फेरी

आमच्या सांस्कृतिक केंद्राच्या दारावर दर महिन्याला एक कागद लागतो. "बुधवारची सोपी फेरी. आपल्या नोव्हा हुतातल्या जुन्या जागा आणि बागा. ज्येष्ठांसाठी. वाटेत भरपूर बाकं." त्यातलं सगळं खरं आहे, आणि बाकंसुद्धा आहेत. फक्त ब्रोन्का विल्चेकच्या फेरीत त्या बाकांवर बसायला मिळालेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही.

ब्रोन्काच्या पायाला भिंगरी आहे. सतराव्या वर्षी ती तार्नूवजवळच्या खेड्यातून इथल्या पोलाद कारखान्यात कामाला आली, आणि नशिबाची थट्टा अशी की तिला नेमकं बसायचं काम मिळालं. छताजवळ टांगलेल्या क्रेनच्या खोलीत बसायचं आणि खालची लालभडक पोलादाची भांडी इकडून तिकडे न्यायची. तीस वर्षं ती तिथे बसली. त्याचा सूड ती आजपर्यंत उगवते आहे. कुणाच्या घरी गेली आणि "बसा ना" म्हटलं, की हिचं ठरलेलं उत्तर, "माझ्या वाट्याचं बसणं मी वरच संपवून आले." चहा उभ्यानेच पिते. चर्चमध्येही मागच्या खांबाशी उभी राहते आणि प्रवचन लांबलं की पाय बदलत राहते.

गेनेक तिला त्या क्रेनमध्येच भेटला. तो कारखान्यातला इलेक्ट्रिशियन. कसलीशी वायर जळली म्हणून शिडी चढून वर आला, घाम पुसला आणि म्हणाला, "जरा टेकतो इथे, चालेल ना?" पुढच्या सगळ्या संसाराचं सार त्या एका वाक्यात होतं. ती धावायची, तो टेकायचा. ती ओरडायची, तो हसायचा. दोन मुलं वाढली, परदेशी गेली, नातवंडं फोनच्या पडद्यावर दिसू लागली, तरी या दोघांचं हे चालूच होतं.

गेनेकला विसरायची सवय होती. दोघं तयार होऊन दुसऱ्या मजल्यावरून खाली यायची, फाटकापर्यंत जायची, आणि गेनेक खिसे चाचपायला लागायचा. कधी किल्ली, कधी टोपी, कधी कबरीवर लावायच्या मेणबत्त्या. "तू राहू दे, तू गेलास तर संध्याकाळ होईल," असं म्हणून ब्रोन्का धडाधड वर जायची.

आता आपल्याकडे एक रीत आहे. घरातून निघाल्यावर विसरलेल्या वस्तूसाठी परत जावं लागलं, तर वस्तू घेऊन तसंच बाहेर पडायचं नसतं. क्षणभर बसायचं, मनात दहा मोजायचे आणि मग निघायचं. नाहीतर ज्या कामाला निघालो त्यात विघ्न येतं. शेंबडी पोरंसुद्धा हे पाळतात, आणि यावर हसणारे शिकलेले लोकही कुणी बघत नसलं की पटकन पलंगाच्या कडेवर टेकून घेतात. ब्रोन्का मात्र कधीच बसली नाही. तिला तेवढा दम नव्हता, आणि खरं सांगायचं तर या गोष्टीवर तिचा विश्वासही नव्हता.

ती खाली यायची तेव्हा गेनेक ब्लॉकसमोरच्या बाकावर ऐसपैस बसलेला असायचा. हे बघितलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"दोन मिनिटं उभं राहवत नाही का रे तुला? सगळ्या खिडक्यांतून बघताहेत लोक. म्हणतील, बायकोला पळवतो आणि हा बसतो."

"बसलीस का वर?" गेनेक विचारायचा.

"बसले, बसले. ऊठ आता."

असं इतक्या वेळा झालं होतं की त्या 'बसले'ला खोटं म्हणावं असं तिच्या कधी मनातही आलं नाही.

यंदा ऑक्टोबरात गेनेकच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं. मंगळवारी भरती व्हायचं आणि बुधवारी सकाळी ऑपरेशन. मंगळवारी टॅक्सी ब्लॉकसमोर आली. गेनेक मागच्या सीटवर बसला, पिशवी मांडीवर घेतली आणि हळूच म्हणाला, "सपाता राहिल्या."

सपातांशिवाय हॉस्पिटलात कोण जातं? ब्रोन्का दोनदोन पायऱ्या गाळत वर गेली. सपाता दाराशीच होत्या, बूट घालायच्या स्टुलाखाली. स्टूल रिकामं होतं. आपण त्या स्टुलाकडे पाहिलं होतं, हे तिला नंतर फार आठवत राहिलं. खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला आणि ती निघाली.

येऊन बघते तर गेनेक टॅक्सीतून उतरून बाकावर बसलेला. कोटाची बटणं उघडी.

"अरे, वेड लागलंय का तुला? आत उबेत बसला होतास ना चांगला? छाती उघडी टाकून इथे काय बसलायस?" तिने त्याचं कोपर धरलं आणि त्याला ओढूनच उठवलं.

टॅक्सी सुरू झाली. गेनेकने तिचा हात हातात घेतला. त्याचे हात नेहमी गरम असतात. त्या दिवशी गार होते.

"बसलीस का वर?"

नेहमीसारखं थट्टेत विचारलं नव्हतं त्याने. ब्रोन्का खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बसले."

आणि तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला.

बुधवारी सकाळी हॉस्पिटलातून सांगितलं की इथे येऊन उपयोग नाही, ऑपरेशन लांबतं, घरी थांबा, झालं की डॉक्टर फोन करतील. घरी थांबायचं म्हणजे काय करायचं, हे ब्रोन्काला कुणी शिकवलंच नव्हतं. तिने खिडक्या पुसल्या. बार्लीचं सूप केलं, ते खायला घरात कुणी नाही हे मीठ घालताना लक्षात आलं. दाराशी जाताना ते स्टूल दिसायचं, म्हणून तिने ते उचलून न्हाणीघरात नेऊन ठेवलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटून परत आणून जागेवर ठेवलं. शेवटी लाल जाकीट चढवलं, फोन खिशात टाकला आणि फेरीला निघाली. फेरी रद्द केली असती तर कारण सांगावं लागलं असतं.

मोठ्या चौकात मंडळी जमली होती. शेजारच्या जिन्यातली काझिया, हातात सफरचंदाच्या केकचा डबा. तेओफिल, जन्मभर ट्राम चालवलेला आणि आता उजव्या गुडघ्याने अडलेला. आणखी पाच-सहा जण होते.

"गेनेक कसा आहे गं?" काझियाने विचारलं. तो भरती झाल्याचं तिला ठाऊक होतं, ऑपरेशन आज आहे हे नव्हतं.

"ठीक. चला."

गुलाबांच्या रस्त्याने ती अशी सुटली, की मागच्यांच्या तोंडाला फेस आला. रस्त्याच्या मधोमध, जिथे पूर्वी तो भलाथोरला पुतळा होता, तिथे ती दर वेळी थांबून एक गोष्ट सांगते. गेनेक पहिल्यांदा तिची वाट बघत इथेच थांबला होता. थांबला कसला, पुतळ्याच्या चौथऱ्यावर बसला होता, आणि पोलिसाने येऊन उठवलं. ही गोष्ट सगळ्यांची पाठ आहे, तरी सगळे हसतात. आज ती म्हणाली, "इथे पुतळा होता. आता नाही. चला."

काझिया आणि तेओफिलने एकमेकांकडे पाहिलं.

टाउन हॉलच्या बागेतही तेच. तिथे टाउन हॉल कधी बांधलाच गेला नाही, नुसती बाग तेवढी झाली. यावर ब्रोन्काचं नेहमीचं म्हणणं असं की साहेब लोक आले असते तर बाकं आपल्याला मिळाली नसती. आज तिने बागेकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. चेस्टनटच्या तपकिरी बिया वाटभर पडल्या होत्या. त्या खिशात ठेवल्या की गुडघा दुखत नाही, असं तेओफिल मानतो. तो एक उचलायला वाकला आणि सरळ होईपर्यंत ब्रोन्का पुढच्या कोपऱ्याला पोचली होती.

"ट्राममध्येसुद्धा मी थांबे घ्यायचो हो, ब्रोन्काबाई," तो मागून ओरडला. "कागदावर सोपी फेरी लिहिलंय."

"मग सोपी चाला."

"चालायचं कुणाला? पळतोय आम्ही."

क्रूसापाशी तर कहरच झाला. चर्च बांधायचं म्हणून लोकांनी उभारलेला तो क्रूस उखडायला पूर्वी सरकारने माणसं पाठवली, तेव्हा बायका आडव्या आल्या होत्या. त्यांत गेनेकची आई होती, एप्रनमध्ये बटाटे घेऊन. दगड सापडेनात म्हणून बटाटे फेकले, आणि मग संध्याकाळी रांधायला काही उरलं नाही. ही गोष्ट ब्रोन्का इतकी रंगवून सांगते की वाटेने जाणारे अनोळखी लोकही उभे राहतात. आज तिने चालता चालता छातीवर क्रूसाची खूण केली आणि पुढे गेली. तिला कुणाला काही सांगायचं नव्हतं. तिला फक्त पाय चालते ठेवायचे होते. पाय थांबले की कानात तेच यायचं. बसलीस का वर? बसले.

रणगाड्याशी फोन वाजला.

तो जुना रणगाडा चौथऱ्यावर उभा आहे आणि त्याच्या तोफेवर नेहमी दोन-तीन पोरं लोंबकळत असतात. ब्रोन्काने खिशात हात घातला, पण बोटांना फोन सापडेना. सापडला तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हो. मी विल्चेक. सांगा."

पलीकडून एक मुलगी गोड आवाजात विचारत होती, आपल्या छपरावर सूर्यऊर्जेचे पत्रे बसवायचा विचार केला आहे का.

"बाळ," ब्रोन्का म्हणाली, "मी दुसऱ्या मजल्यावर राहते. माझ्या डोक्यावर छप्पर नाही, वोइचिकांचं स्वयंपाकघर आहे." तिने फोन बंद केला आणि तोंडावर हात दाबून उभी राहिली.

काझियाने डबा बाकावर ठेवला. "आता बोल. काय झालंय?"

"आज ऑपरेशन आहे त्याचं. आत्ता चालू आहे."

"अगं बाई. आणि तू आम्हाला रणगाडा दाखवतेस?"

"मग काय करू? भिंतीकडे बघू?"

तेओफिल जवळ आला. "काळजी करू नका. हल्ली झडप बदलणं म्हणजे नळ बदलण्यासारखं झालंय. माझ्या मेहुण्याची बदलली. आता पूर्वीपेक्षा जास्त भांडतो."

"ते नाही हो." आणि मग, का कोण जाणे, ब्रोन्काने सगळं सांगून टाकलं. टॅक्सी, सपाता, स्टूल, हॉर्न. "त्याने विचारलं, बसलीस का. मी म्हटलं, बसले. बसले नव्हते."

काझियाने हळूच क्रूसाची खूण केली, आणि ते ब्रोन्काने पाहिलं.

"नको करूस तसं," ती म्हणाली. "कुणी मेलेलं नाही."

"मी कुठे काय म्हणतेय? पण आजच्या दिवशी तरी बसायचंस गं. एरवी ठीक आहे. हृदयाचं काम."

"आत्ता बसा ना," तेओफिल म्हणाला. "बाक आहे. मागाहून बसलं तरी चालत असेल."

"असं कसं चालेल?" काझिया म्हणाली. "घरात बसावं लागतं. निघायच्या आधी. आमच्या आजीनं तर चटई चालेल का तेसुद्धा विचारून घेतलं होतं पाद्रीबाबांना."

"काय म्हणाले पाद्रीबाबा?"

"तिला हाकलून दिलं."

"मग बसू दे त्यांना इथे. तोटा काय आहे?"

दोघांनी तिला बाकाकडे ढकललं. ब्रोन्काच्या गुडघ्यामागे लाकूड टेकलं आणि ती चटका बसल्यासारखी बाजूला झाली. आता बसायचं म्हणजे कबूल करायचं, की काल चूक झाली आणि त्या चुकीत वजन आहे. आणि बसल्यावर वाईट फोन आला तर? मग जन्मभर वाटत राहणार की उशीर झाला. न बसता आला तर न बसल्यामुळे. चालत राहिलं की निदान अजून काहीच झालेलं नसतं.

"मूर्खपणा आहे सगळा," ती म्हणाली. "तलावावर चला."

तलावापाशी मंडळींनी बंड केलं. सगळे बाकांवर बसले, थर्मास उघडले, केकचे तुकडे केले आणि आता कितीही ओरडली तरी उठायचं नाही असं ठरवलं. ब्रोन्का ओरडली नाही. ती एकटीच तलावाभोवती चालू लागली. बदकं तिच्या वाटेतून बाजूला होत होती. एक फेरा झाला, बाकांसमोरून ती गेली तेव्हा काझियाने केक पुढे केला, तिने मान हलवली. दुसरा झाला. तिसऱ्या फेऱ्याला पलीकडच्या काठावर, लव्हाळ्यापाशी, फोन वाजला.

"विल्चेकबाई?" डॉक्टरांचा आवाज थकलेला होता. "झालं. नवी झडप नीट काम करतेय. झोपलेत ते. आज येऊ नका, उद्या विचारा."

तिने तीनदा आभार मानले. फोन बंद झाल्यावर चौथ्यांदा मानले. अलीकडच्या काठावर सगळे उठून उभे राहून तिच्याकडे बघत होते. तिने हात वर केला, तशी काझिया रडायलाच लागली.

सगळं निभावलं होतं. मग पायांनी थांबायला काय हरकत होती? पण पाय काही थांबेनात. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही ती घरात या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालत होती. गेनेक वाचला, पण ऑपरेशनला जाताना ती त्याच्याशी खोटं बोलली होती, आणि तो कदाचित तेच शेवटचं ऐकून गेला असता. हे काही केल्या गिळता येईना.

शुक्रवारी गेनेकला साध्या वॉर्डात आणलं. तो पलंगावर पिवळट आणि लहानसा दिसत होता. सपाता पलंगाखाली नीट लावून ठेवलेल्या होत्या. ब्रोन्का पायथ्याशी उभी राहिली. पांघरूण ओढलं, पाण्याचा ग्लास उगीच इकडचा तिकडे ठेवला.

"बस ना," गेनेक म्हणाला. आवाज जेमतेम येत होता.

"गेनेक, मंगळवारी मी वर बसले नव्हते."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू कधीच बसत नाहीस." त्याने दम घेतला. "आपल्या जिन्याचा आवाज खाली बाकापर्यंत येतो, ब्रोन्का. तुझे पाय वर जातात. दार वाजतं. लगेच पाय खाली. त्यात दहा कुठे मावतात?"

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"लग्न झालं तेव्हापासून."

"मग दर वेळी विचारतोस कशाला?"

"तू किती चिडून 'बसले' म्हणतेस ते ऐकायला बरं वाटतं."

तिला हसावं की त्याला झापावं कळेना. मग तो डोळे मिटून म्हणाला, "काळजी कसली करायची? मी बसायचो ना खाली. आई म्हणायची, दोघांतल्या एकानं बसलं की झालं. तू वर गेलीस की मी बाकावर बसून दहा मोजायचो."

इतकी वर्षं तो बाकावर बसलेला, आणि ती सगळ्या ब्लॉकला ऐकू जाईल अशी त्याच्यावर ओरडत आलेली. आळशी म्हणाली होती. बसक्या म्हणाली होती. मुलांच्या देखत म्हणाली होती. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत.

"पण मंगळवारी मी तुला ओढून उठवलं," ती म्हणाली.

"सात झाले होते. उरलेले तीन टॅक्सीत मोजले." तो किंचित हसला, आणि टाके दुखले म्हणून थांबला. "टॅक्सीतही बसलेलोच होतो की."

नर्स आली आणि पुरे झालं आता म्हणाली. ब्रोन्का निघाली तेव्हा गेनेकने पलंगाशेजारचं कपाट चाचपलं, उशीखाली हात घातला आणि ओशाळून म्हणाला, "चष्मा घरीच राहिला. शब्दकोडं सोडवता आलं असतं. उद्या आणलास तरी चालेल."

"उद्या कशाला? आत्ता आणते."

तिने ट्राम पकडली आणि सवयीप्रमाणे दाराशी उभी राहून आली. दोनदोन पायऱ्या गाळत वर गेली. चष्मा रेडिओवर होता. तो खिशात टाकून ती दार उघडून जिन्यात आली. ट्रामचा घंटानाद खालून ऐकू आला. ही चुकली तर पुढची बऱ्याच वेळाने. जिन्याच्या खिडकीतून ब्लॉकसमोरचं बाक दिसत होतं. त्यावर कुणी नव्हतं.

ब्रोन्का परत आत आली आणि जाकिटासकट त्या स्टुलावर बसली. एक, दोन, तीन. पाय वळवळत होते. साताला ती जवळजवळ उठलीच होती. मग हात मांडीवर दाबून धरले आणि उरलेले तीनही तिने तिथेच बसून मोजले.